म्हणजे काय? : ल्यूथरची प्रश्नोत्तरी आणि सिद्धान्त वाचण्याची रीत

१/
१५२८ च्या शरद ऋतूत विटेनबर्ग विद्यापीठातील एक प्राध्यापक सॅक्सनीतील खेड्यापाड्यांतून पाहणी करत हिंडत होता. राजाज्ञेने नेमलेल्या अशा पाहणी पथकांत कायदेपंडित आणि धर्मशास्त्री एकत्र असत. चर्चचे उत्पन्न किती, पाळकाला वेतन मिळते का, इमारतीची अवस्था काय, याची नोंद होई. त्याबरोबर आणखी एक चौकशी चाले : लोकांना दहा आज्ञा ठाऊक आहेत का? प्रभूची प्रार्थना म्हणता येते का? अनेक गावांत उत्तर नकारार्थी आले. काही ठिकाणी तर पाळकालाही ते येत नव्हते.

या प्राध्यापकाचे नाव मार्टिन ल्यूथर.

२/
धर्मसुधारणेची गोष्ट आपण साधारण एकाच पद्धतीने ऐकलेली असते. १५१७ मध्ये ९५ मुद्दे, १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेपुढे दिलेला नकार, आणि मग एकदम १६१८ चे तीस वर्षांचे युद्ध. मधल्या काळात एक अवघड काम उरले होते, ते या गोष्टीत येत नाही. जुने अधिकारपीठ नाकारले, ठीक; पण आता लोकांनी काय मानायचे आणि ते त्यांना कोणी, कसे शिकवायचे?

आजचा धागा या प्रश्नाबद्दल आहे, आणि त्यातून जन्मलेल्या एका छोट्या पुस्तिकेबद्दल : ल्यूथरची 'लहान प्रश्नोत्तरी', १५२९.

३/
पार्श्वभूमी पाहू. १५२२ मध्ये ल्यूथरने केलेला नव्या कराराचा जर्मन अनुवाद छापून बाहेर आला. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आला. पण त्याच सुमारास मठ ओस पडू लागले, मृतांच्या मिसासाठी ठेवलेल्या देणग्या आटल्या, पाळकांचे उत्पन्न घटले. जुनी घडी मोडली होती आणि नवी बसलेली नव्हती.

४/
त्यातच १५२५ चे शेतकऱ्यांचे बंड झाले. 'ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य' हा ल्यूथरचा शब्दप्रयोग होता. शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ वेठबिगारीतून आणि जाचक करांतून सुटका असा घेतला. मेमिंगेन येथे त्यांनी मांडलेल्या बारा कलमांतले पहिलेच कलम आपला पाळक आपण निवडण्याच्या हक्काचे होते. ल्यूथरने बंडाविरुद्ध अत्यंत कठोर पत्रक लिहिले. बंड चिरडले गेले आणि हजारो शेतकरी मारले गेले.

या अनुभवानंतर सुधारकांना एक गोष्ट टाळता येईना. शब्द मोकळा सोडला की ऐकणारा त्याला आपला अर्थ देतो. मग अर्थ शिकवायचा कसा?

५/
विद्वानांसाठी एक उत्तर आधीच तयार होते. विटेनबर्गमधील ग्रीकचा प्राध्यापक फिलिप मेलांख्थोन याने १५२१ मध्ये एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. ल्यूथरप्रणीत सिद्धान्ताची ही पहिली सुसूत्र मांडणी. त्या वेळी तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याने पौलाच्या रोमकरांस पत्रातून पाप, नियमशास्त्र, कृपा, विश्वास अशी सूत्रस्थाने वेचली आणि त्यांभोवती ग्रंथ उभा केला. ईश्वराच्या स्वरूपाची तार्किक चिकित्सा त्याने मुद्दाम बाजूला ठेवली. ख्रिस्ताला ओळखायचे म्हणजे त्याने आपल्यासाठी काय केले हे ओळखायचे, अशी त्याची भूमिका होती.

६/
ल्यूथरप्रणीत दृष्टीने ख्रिस्ती सिद्धान्त अभ्यासण्याची दिशा इथेच ठरते. मध्ययुगीन विद्यापीठांत ईश्वरविद्येचा अभ्यास ईश्वराचे अस्तित्व आणि स्वरूप यांपासून सुरू होऊन माणसाकडे येई. विटेनबर्गला आरंभ झाला तो अडचणीत सापडलेल्या माणसापासून : मी देवापुढे कसा उभा राहू?

पण मेलांख्थोनचा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. खेड्यातल्या विणकराला त्याचा काय उपयोग?

७/
१५२८ मध्ये ल्यूथरने विटेनबर्गच्या चर्चमध्ये या मूलभूत पाठांवर तीन वेळा प्रवचनमाला दिली. १५२९ च्या आरंभी हे पाठ भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले. एप्रिलमध्ये पाळकांसाठी 'मोठी प्रश्नोत्तरी' आली आणि मे महिन्यात तक्त्यांचा मजकूर 'लहान प्रश्नोत्तरी' म्हणून पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावनेत पाहणीत दिसलेल्या अज्ञानाबद्दलचा संताप आहे, आणि त्याचा मोठा वाटा कर्तव्य विसरलेल्या बिशपांच्या पदरात टाकला आहे.

८/
पुस्तिकेतल्या भागांच्या शीर्षकांत एक सूचना पुन्हा पुन्हा येते : घरातल्या कर्त्याने हे आपल्या कुटुंबाला साध्या रीतीने शिकवावे. म्हणजे शिक्षणाची जागा चर्चबरोबर घरातही धरलेली होती. पुस्तिकेत सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाआधीच्या-नंतरच्या प्रार्थनाही दिल्या आहेत. सिद्धान्त ताटाशेजारी आणि अंथरुणाशेजारी आणून ठेवण्याचा हा बेत होता.

९/
रचना अगदी साधी. आधी मूळ पाठातले एक वाक्य, त्याखाली इवलासा प्रश्न : म्हणजे काय? आणि मग उत्तर.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. सूत्राखाली भाष्य, मूळ श्लोकाखाली टीका ही आपल्या ग्रंथपरंपरेची ओळखीची घडण. फरक इतकाच, की इथे भाष्य शास्त्र्यासाठी लिहिलेले नाही. लहान मुलाला तोंडपाठ करता यावे इतके ते लहान आहे.

१०/
खरी गंमत क्रमात आहे. ल्यूथरने पाठांचा क्रम विचारपूर्वक ठेवला : प्रथम दहा आज्ञा, मग विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचा सारांश सांगणारा प्राचीन पाठ), मग प्रभूची प्रार्थना. या क्रमाचे कारण त्याने १५२० मध्येच एका पुस्तिकेत रोग्याच्या दाखल्याने सांगितले होते. रोग्याला आधी आपला आजार कळायला हवा, मग औषध कुठे आहे ते, आणि मग ते मागायचे कसे ते. आज्ञा आजार दाखवतात, विश्वासांगीकार औषध दाखवतो, प्रार्थना मागायला शिकवते.

११/
या क्रमामागे ल्यूथरप्रणीत विचारातला सर्वांत महत्त्वाचा भेद आहे : नियमशास्त्र आणि सुवार्ता. नियमशास्त्र म्हणजे देव माणसाकडून जे मागतो ते. सुवार्ता म्हणजे देव माणसाला जे देतो ते. दोन्ही देवाचीच वचने, पण त्यांचे काम वेगळे. दोहोंची सरमिसळ झाली तर माणूस एकतर स्वतःच्या पुण्याईवर फुगतो, नाहीतर निराशेत बुडतो, असे ल्यूथरचे म्हणणे. धर्मशास्त्र्याची परीक्षा हा भेद राखण्यात आहे, असे तो मानी.

१२/
यावरून घरातच भांडण लागले. १५२७ मध्ये ल्यूथरचा शिष्य योहान आग्रिकोला याने मेलांख्थोनवर आक्षेप घेतला. पाहणीसाठी तयार केलेल्या सूचनांत मेलांख्थोनने पाळकांना आधी नियमशास्त्र सांगा, म्हणजे पश्चात्ताप होईल, असे म्हटले होते. आग्रिकोलाच्या मते खरा पश्चात्ताप भयातून येत नाही, प्रेमातून येतो. म्हणून आरंभ सुवार्तेने हवा. नोव्हेंबर १५२७ मध्ये टॉरगाऊ येथे ल्यूथरने मध्यस्थी करून वाद तात्पुरता मिटवला.

दीड वर्षाने आलेल्या प्रश्नोत्तरीत पहिले पान दहा आज्ञांचे आहे. तो क्रम पाहिला की त्यामागचे भांडण ऐकू येते.

१३/
आता आज्ञांवरचे भाष्य पाहू. 'खून करू नको' ही आज्ञा बहुतेक माणसे पाळतातच. ल्यूथर तेवढ्यावर थांबत नाही. शेजाऱ्याच्या शरीराला इजा करू नये हा अर्ध भाग. त्याच्या प्रत्येक शारीरिक गरजेत त्याला साहाय्य करावे हा दुसरा. चोरीच्या आज्ञेतही तसेच : दुसऱ्याचे घेऊ नये, आणि त्याची मालमत्ता व उपजीविका राखायला हातभार लावावा. प्रत्येक निषेधाच्या पोटात एक कर्तव्य. एवढे वाचल्यावर 'मी सगळ्या आज्ञा पाळतो' असे म्हणणे कठीण होते. आजार दिसू लागतो.

१४/
मग औषध. विश्वासांगीकाराचे बारा भाग करण्याची जुनी प्रथा होती. प्रत्येक भाग एकेका प्रेषिताने रचला अशी समजूत त्यामागे होती. ल्यूथरने त्याचे तीनच भाग केले : निर्मिती, उद्धार, पवित्रीकरण. आणि उत्तरे प्रथमपुरुषी एकवचनात घातली. देवाने जग निर्माण केले, एवढे म्हणून भागत नाही. त्याने मला निर्माण केले, मला शरीर, बुद्धी, अन्न, घरदार दिले. सिद्धान्ताच्या वाक्यात 'मी' आला.

१५/
इथेच 'विश्वासाने नीतिमान ठरणे' हा ल्यूथरचा मुख्य सिद्धान्त येतो. 'ठरणे' या क्रियापदाकडे लक्ष द्या. पुढे ल्यूथरप्रणीत परंपरेत ती न्यायालयातली भाषा झाली : माणूस स्वतःच्या कृत्यांनी निर्दोष होत नाही, ख्रिस्ताखातर त्याला निर्दोष घोषित केले जाते. म्हणून तो एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. सत्कृत्ये नाहीशी होत नाहीत, त्यांची जागा बदलते. ती देवाला द्यायचे मोल राहत नाहीत. शेजाऱ्याची सेवा होतात. आणि हा विश्वास ठेवणेही माणसाच्या स्वतःच्या बळावर होत नाही, तेही पवित्र आत्म्याचे देणे आहे, असे प्रश्नोत्तरी सांगते.

१६/
बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांवरची प्रकरणे वाचताना १५२९ हे साल विसरू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक उलरिख झ्विंग्ली समोरासमोर आले. पंधरांपैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले. राहिला तो प्रभुभोजनाचा मुद्दा. भाकरी ही ख्रिस्ताच्या शरीराची खूण, असे झ्विंग्लीचे म्हणणे. ल्यूथर 'हे माझे शरीर आहे' या वचनातल्या 'आहे' वर अडून बसला. ते वचन त्याने लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहिले होते, असे उपस्थितांचा वृत्तांत सांगतो.

१७/
आज हा हट्ट शब्दच्छल वाटेल. ल्यूथरच्या बाजूने पाहू. देव माणसाला भेटतो तो ठोस, बाहेरच्या वस्तूंत : पाण्यात, भाकरीत, कानावर पडणाऱ्या शब्दात. त्या केवळ खुणा ठरल्या तर माणसाला पुन्हा स्वतःच्याच मनात डोकावून 'माझा विश्वास पुरेसा आहे का' हे तपासत बसावे लागेल. मठातल्या उमेदीच्या काळात ल्यूथर याच तपासणीने पोळला होता. 'आहे' सुटला असता तर त्याच्या मते आधारच सुटला असता. किंमतही मोठी मोजावी लागली : प्रोटेस्टंट पंथाच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच.

१८/
आता या पुस्तिकेतली अडचणीची बाजू. शेवटी कर्तव्यांचा तक्ता आहे : पाळक, राज्यकर्ते, पती-पत्नी, आई-वडील, मुले, नोकर-चाकर यांनी कसे वागावे याची बायबलमधली वचने. शेतकऱ्यांचे बंड मोडून चारच वर्षे झाली होती. ज्या राजाने पाहणी पथके पाठवली, त्याच्याच राज्यात ही पुस्तिका शिकवली जाणार होती. देवापुढे सर्व समान आणि घरात, गावात, राज्यात मात्र आज्ञापालन, अशी ती विभागणी होती.

१९/
आणि त्याहून खोल पेच हा. वर्म्सला सद्सद्विवेकाच्या बळावर पोप आणि सम्राट दोघांनाही नकार देणारा माणूस आता लोकांच्या हाती 'म्हणजे काय?' हा प्रश्न देतो, आणि लगेच त्याखाली उत्तरही छापतो. प्रस्तावनेत तो सक्तीने कोणाला विश्वास ठेवायला लावू नये असे म्हणतो. पण जे शिकायला नकार देतात त्यांना प्रभुभोजन देऊ नये आणि मुलांची बाप्तिस्म्याची जबाबदारी सोपवू नये, असेही बजावतो.

प्रश्न विचारायला शिकलेला माणूस छापील उत्तरावर किती काळ थांबेल?

२०/
ल्यूथर १५४६ मध्ये वारला, मेलांख्थोन १५६० मध्ये. वारसांत वाद पेटले. १५७४ मध्ये सॅक्सनीत प्रभुभोजनाच्या प्रश्नावर गुप्तपणे कॅल्व्हिनची बाजू घेतल्याचा ठपका ठेवून काही जणांना कैद झाली. त्यांत वैद्य आणि विद्वान कास्पार पॉयकर होता, मेलांख्थोनचा जावई. तो बारा वर्षे बंदिवासात राहिला. १५८० मध्ये सर्व मान्य सिद्धान्तग्रंथ एका संग्रहात बांधले गेले. त्यातल्या १५७७ च्या एकवाक्यतेच्या मसुद्यावर सुमारे ८,००० पाळक आणि शिक्षकांनी सह्या केल्या. 'लहान प्रश्नोत्तरी'ही त्या संग्रहात गेली. मुलांसाठी लिहिलेली पुस्तिका आता निष्ठेची कसोटीही झाली.

२१/
मग हे शिक्षण यशस्वी झाले का? १९७८ मध्ये इतिहासकार गेराल्ड स्ट्रॉस यांनी नंतरच्या दशकांतील पाहणी अहवालांचा अभ्यास करून सांगितले की बव्हंशी अपयशी ठरले : लोक पाठ विसरत, प्रवचन चुकवत, जादूटोण्याकडे वळत. इतर अभ्यासकांनी हरकत घेतली. पाहणी अधिकारी उणिवा शोधायलाच जात, मग त्यांच्या कागदांत उणिवाच दिसणार; शिवाय सर्व प्रदेशांचे अहवाल असे निराशाजनक नाहीत. दप्तर वाचताना ते कोणी आणि कशासाठी लिहिले हे आधी विचारावे, याचे हे उत्तम उदाहरण.

२२/
प्रश्नोत्तरीचे हे शस्त्र सर्वांनीच उचलले. १५५५ मध्ये जेझुइट पेत्रुस कानिसियुसची, १५६३ मध्ये कॅल्व्हिनपंथी परंपरेतली हायडेलबर्गची, १५६६ मध्ये खुद्द रोमची प्रश्नोत्तरी आली. त्याच लाटेचे पाणी आपल्या किनाऱ्यालाही लागले. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत लिहिलेली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापली गेली. ती कॅथलिक परंपरेतली, ल्यूथरची नव्हे. पण 'सिद्धान्त लोकांच्या भाषेत, प्रश्न आणि उत्तराच्या रूपात' हे युगाचे वळण दोन्हीकडे तेच.

२३/
ल्यूथरची पुस्तिका भारतात आली ती ९ जुलै १७०६ नंतर. त्या दिवशी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाउ हे दोन जर्मन तरुण डॅनिश राजाच्या वतीने तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. भोवतालचा मुलूख तंजावरच्या मराठ्यांचा. गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे होते. झिगेनबाल्ग शाळेतल्या मुलांबरोबर वाळूत अक्षरे गिरवून तमिळ शिकला आणि लवकरच त्याने 'लहान प्रश्नोत्तरी' तमिळमध्ये उतरवली. पुढे हाले येथून तमिळ खिळे आले, छपाई सुरू झाली.

२४/
आणि इथे एक अनपेक्षित वळण येते. झिगेनबाल्ग आणि त्याचा सहकारी ग्र्युंडलर यांनी १७१२ ते १७१४ या काळात तमिळ जाणकारांना प्रश्न लिहून पाठवले : तुमचे देव, तुमचे विधी, तुमची नीती, आणि ख्रिस्ती लोकांबद्दल तुमचे मत. लेखी उत्तरे आली. त्यांत ख्रिस्ती माणसांच्या आचरणावर खरमरीत टीकाही होती. ती जर्मन भाषेत होऊन हालेला छापली गेली. हेतू धर्मप्रसाराचाच होता, यात शंका नाही. पण प्रश्न तोच, 'म्हणजे काय?', आणि या वेळी उत्तर आधी छापलेले नव्हते.

झिगेनबाल्गने दक्षिण भारतीय देवतांवर लिहिलेला ग्रंथ मात्र हालेला रुचला नाही. १७१३ चे ते हस्तलिखित मद्रासला छापले गेले १८६७ मध्ये.

२५/
या परंपरेचे आणखी एक टोक मराठी इतिहासाला भिडते. तरंगंबाडीच्या याच मिशनचा पाळक श्वार्ट्झ हा तंजावरच्या सरफोजीराजांचा (दुसरे) संरक्षक आणि शिक्षक होता. सरफोजी हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा मराठी शिलालेख कोरवून घेणारा हाच राजा. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला, तेव्हा त्याने त्याच्या स्मरणार्थ इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेतलेला राजा त्यात दिसतो. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. शिक्षण लाभले, उत्तर स्वीकारले नाही, आणि ऋणही नाकारले नाही.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने सिद्धान्त का वाचावा? श्रद्धा ठेवण्यासाठी किंवा खोडण्यासाठीच तो वाचायचा असतो, असे नाही. प्रत्येक सिद्धान्तवाक्य कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. उत्तर छापलेले उरते, प्रश्न विरून जातो. तो शोधून काढणे हे आपले काम. दहा आज्ञा आधी का? मागे आग्रिकोला आहे. 'आहे' वर एवढा हट्ट का? मागे मारबुर्ग आणि मठातली ती तपासणी आहे. कर्तव्यांचा तक्ता का? मागे १५२५ चे रक्त आहे.

ही रीत कोणत्याही परंपरेच्या ग्रंथाला लावून पाहा. आपल्या स्वतःच्या परंपरेला लावताना थोडे जड जाईल, तरी लावा.

२७/
ल्यूथर 'मोठ्या प्रश्नोत्तरी'च्या प्रस्तावनेत सांगतो की धर्मशास्त्राचा पंडित असूनही तो रोज लहान मुलासारखे हेच पाठ म्हणतो, आणि ते अजून पुरते कळलेले नाहीत. उत्तरे त्याने स्वतःच लिहिली होती. तरीही रोज सकाळी तो प्रश्नापाशी परत येत होता.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद खाली जरूर लिहा. उत्तर आधी छापून ठेवलेले नाही.